फोटोच्या बाहेर

जून सरत आला की शाळेचे निळे कागद येतात.
सहल : सोम नदीचं मुख. सील बघणे. डबा घरून.
"घरून" पाशी माझं पेन दर वर्षी अडतं.
मग पत्त्याच्या रकान्यात लिहिते :
बालगृह, दुसरा मजला, आमिऑं.

तितुआंच्या आईची सही यायला अठरा दिवस लागले.
दोन फोन, एक रजिस्टर पत्र,
शेवटी समाजसेविका लांसला जाऊन घेऊन आली.
सही वाकडी, शेवटच्या अक्षरात शाई फुटलेली.
तितुआंनं कागद खिडकीच्या उजेडात धरला,
म्हणाला, "हिची झेरॉक्स काढशील?"
काढली. दोन काढल्या. एक हरवेल म्हणून.

उमूच्या कागदावर न्यायाधीशांचा शिक्का आहे,
तिला कुणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही.
याचा तिला कधीकधी तोरा असतो.
कधीकधी नसतो.

बसमध्ये पुढच्या सीटवरून एलुआननं विचारलं,
"ही तुझी आई?"
तितुआं बाहेर बीटाची शेतं बघत राहिला.
"मावशी," म्हणाला,
आणि हळूच माझ्याकडे वळला,
मी पकडून देते की काय.
मी पिशवीत डोकं घालून
उलटीच्या पिशव्या मोजत बसले.

ओहोटी होती. सील फार लांब,
दुर्बिणीतून ओल्या पोत्यांसारखे.
"मेलेत हे," उमू म्हणाली.
तेवढ्यात एका पोत्यानं पोट खाजवलं.
ती इतकी हसली, इतकी उड्या मारत हसली
की तिचा डावा बूट चिखलानं गिळला.
मी कोपरापर्यंत हात घालून शोधला.
चिखल काही परत देईना.

डबे आमच्या स्वयंपाकघरातले :
पाव, चीज, उकडलेलं अंडं,
झाकणावर नावाची पट्टी,
टोपीवर असते तीच, मोज्यांवर असते तीच,
धुलाईत अदलाबदल होऊ नये म्हणून.
तितुआंनं पट्टी नखानं खरवडली
आणि अंड्याच्या बदल्यात
कुणाच्या तरी आजीचा केक मिळवला.
अर्धा मला दिला. मी नको म्हणाले नाही.

मग मादाम व्हासर ओरडल्या,
"सगळे बंधाऱ्यावर! फोटो!"
आणि माझ्याकडे बघून नजर काढून घेतली.
यादी त्यांच्याकडेही आहे :
हे दोन चेहरे कुठे छापायचे नाहीत, कुठे लावायचे नाहीत,
कुणी शोधत येऊ नये म्हणून.
मी म्हटलं, चला, आपण दप्तरं राखू.
राखायला काय, वाळूत चोर थोडेच येतात.

तर आम्ही तिघं, मादामच्या पाठीमागे,
चोवीस दप्तरांच्या ढिगाऱ्याशी.
"हसा," मादाम म्हणाल्या. कुणी हसेना, ऊन डोळ्यात.
तेव्हा उमू ओल्या मोज्यानिशी आडवी झाली
आणि सीलसारखं पोट खाजवू लागली.
तितुआंनं डब्याचं झाकण डोक्यावर घेऊन
तिच्याभोवती लाटेसारख्या फेऱ्या मारल्या.
बंधारा हसून हसून वाकला.

पाच वाजता शाळेपाशी गाड्यांची रांग,
उघडी दारं, खिडकीतून बाहेर लोंबणारी कुत्री.
आपली व्हॅन औषधाच्या दुकानामागे लाव,
असं तितुआंनं सकाळीच बजावलं होतं.
उमूला पाठीवर घेऊन मी तिथवर चालले.
रात्री नोंदवहीत लिहिलं : सहल ठीक.
हरवलं : बूट, एक, डावा.

शेवटच्या आठवड्यात फोटो वर्गात लागला.
बावीस मुलं, कॅमेऱ्याकडे एकाचंही तोंड नाही,
सगळी एकाच दिशेला बघून फुटलेली.
"बिघडलाय," मादाम म्हणाल्या, पण लावला.
उमू खुर्चीवर चढली,
चौकट ओलांडून कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं :
"इथे मी. इथे तितुआं. इथे तू दप्तरांपाशी."
मग बोट सरकवत सरकवत
पार खाली, खुर्चीच्या पायाशी :
"आणि इथे बूट."